वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर

मे महिन्यात जालन्यात वॉशिंग सेंटरचा रॅम्प रिकामा सापडतो. त्यामागचं कारण काही आनंदाचं नाही. बोअर आटलेली असते, टँकरचं पाणी विकत घेऊन गाड्या धुणं परवडत नाही, मग मालक मोटारीवर पोतं टाकून मृगाची वाट बघत बसतो. मंठा चौफुलीच्या अंगाला आमच्या ओळखीचं एक सेंटर आहे. २०२४ च्या मे महिन्यात तेही असंच बंद होतं. मालक माझ्या चुलतभावाच्या वर्गातला. दोन रात्रींसाठी रॅम्प मागायला गेलो तर म्हणाला, "दोनच रात्री कामून? आठ दिवस ठेव की गाडी. मपलं काय चालू हाय इथं?" त्याच्या त्या एका शब्दावर माझं वर्षभर रखडलेलं गाडीचा एक्झॉस्ट बदलायचं काम मार्गी लागलं.

गाडी म्हणजे २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. बाहेरून घरगुती सेडान, पण बॉनेटखाली १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. एकेका सिलिंडरला पाच असे वीस व्हॉल्व्ह आणि नवी असताना १५० अश्वशक्ती. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ साली सुरू झाला. वडील त्या काळात यष्टीनं रोज जालना–औरंगाबाद करायचे. जालना रोडवर शेंद्रा आलं की खिडकीतून कुंपणापलीकडच्या नव्या गाड्यांच्या रांगा दिसायच्या आणि संध्याकाळी घरी आल्यावर आज कुठल्या रंगाच्या जास्त होत्या ते मला सांगायचे. तेव्हा मी शाळेत होतो. त्या रांगांमधली एक गाडी आपल्या दारात उभी असावी ही इच्छा तेव्हापासूनची. ती पूर्ण झाली तेव्हा गाडी चौदा वर्षांची झालेली होती. तरी मला ती नवीनच वाटली.

बिघाड झाला तो मागच्या सायलेन्सरमध्ये. त्याच्या पोटातला पडदा गंजून सुटला होता. उभ्या गाडीत इंजिन आयडलिंगला असताना डबा खडखडायचा आणि जोर दिला की पाइप अर्धवट बुजल्यासारखी गाडी दबायची. मूळ सायलेन्सर बरेच दिवस शोधला. मिळाला तो दुसऱ्या इंजिनाचा. तेव्हा ठरवलं की कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सगळा एक्झॉस्टच नवा, अडीच इंची स्टेनलेसचा बसवायचा. हात घालतोच आहोत तर हवा आत घेण्याच्या बाजूचं कामही करायचं, आणि दोन्ही स्वतःच्या हातानं करायचं. मी इथल्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. पाने आणि ग्राइंडर हातातलेच, धातूची ओळखही रोजची.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मला आवाज नको होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लहान मुलांचा दवाखाना आहे आणि दवाखान्याभोवतीचं शंभर मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र असतं. आईची झोप कुत्रं भुंकलं तरी मोडते. कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याच्या १९० (२) कलमाखाली आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत जातो, शिवाय तुरुंगवासाची आणि लायसन्स तीन महिने गोठण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं सांगितलं. म्हणून मी स्वतःला दोन अटी घातल्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावायचा नाही, आणि काम झाल्यावर गाडी आधीइतकीच शांत राहिली पाहिजे. कॅट काढून तिथं सरळ नळी टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मागून मोटारसायकलवर जाताना डोळ्यांत जो धूर जातो तो मी रोज अनुभवतो. ते मला पटत नाही.

मग एक्झॉस्ट बदलून मिळवायचं काय? टर्बोच्या गाडीत इंजिनातून निघणारा गरम वायू एका चाकाला फिरवतो आणि ते चाक समोरच्या चाकानं बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. टर्बोच्या पुढच्या तोंडाशी दाब जास्त आणि मागच्या तोंडाशी कमी, या फरकावर चाक फिरतं. मागं पाइप तुंबलेला असेल तर फरक कमी होतो आणि चाक आळसावतं. "इंजिनाला थोडा मागचा दाब लागतोच" असं बरेच मिस्त्री सांगतात. टर्बोच्या बाबतीत तरी ते खरं नाही. टर्बोनंतर वाट जेवढी मोकळी तेवढं बरं, फक्त त्या वाटेवर आवाज गिळणारी भांडी हवीत.

सामान मागवलं आणि पहिलीच ठेच लागली. विकणाऱ्यानं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस म्हणून पैसे घेतले होते. पेटी उघडून मी सरळ पाइपला लोहचुंबक लावला तर तो खटकन बसला. ३०४ चं वाकवलेलं कोपर थोडंसं चुंबक धरतं हे मला माहीत आहे, धातू ताणला गेला की तसं होतं. पण सरळ तुकड्यानं चुंबक घट्ट पकडला म्हणजे माल ३०४ नाही. ४०९ ग्रेडसुद्धा एक्झॉस्टला चालतं, अनेक कंपन्या तेच वापरतात. पण मग पैसे ४०९ चे घ्यावेत. पेटी परत पाठवली, पैसे यायला दीड महिना आणि वीसेक फोन लागले. दुसरीकडून मागवलेल्या पाइपवर चुंबक घसरून खाली पडला तेव्हा कुठं बरं वाटलं.

रॅम्पवर गाडी चढवली शनिवारी रात्री नऊला, कारण दिवसा तिथल्या लोखंडाला हात लागत नव्हता. सोबतीला भाचा होता, आयटीआयला मोटर मेकॅनिकचं दुसरं वर्ष करणारा. वॉशिंगच्या रॅम्पचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. त्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबकळतात आणि मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा बीम खाली येतो, त्यामुळे पाइप आणि बीममधलं अंतर खोटं दिसतं. इथं सगळं रस्त्यावर असतं तसंच दिसत होतं. घरी जॅकवर काम करणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका. दोन्ही बाजूंना घोड्या लावा, आणि घोडीखाली फरशी नव्हे, जाड फळी ठेवा.

जुना एक्झॉस्ट काढणं हे खरं काम. नवा बसवणं त्यामानानं सोपं. कॅटच्या मागच्या स्लीव्ह क्लॅम्पचे दोन बोल्ट मी तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणाऱ्या तेलानं भिजवत होतो. तरी एकाचा नट पान्यात फिरून गोल झाला. गरम करायला गॅस होता, पण वर पेट्रोलची नळी जवळून जाते, म्हणून ज्योत नको असं ठरवलं. ग्राइंडरनं नटाला उभी चीर दिली, छिन्नी लावून दोन ठोके घातले, नट उमलल्यासारखा उघडला. भाच्यानं तो तुकडा खिशात घातला, वर्गात दाखवायला.

मग प्रश्न आला मधल्या आणि मागच्या डब्याचा. कारखान्यातून हे दोन्ही एकाच अखंड पाइपवर जोडून येतात आणि पाइप मागच्या बीमच्या वरून वळण घेऊन जातो. अखंड असताना तो बाहेर निघतच नाही. पण कंपनीनं कापायची जागा नेमून दिलेली असते. पाइपच्या घेरावर खाचा ठोकलेल्या असतात. आमच्या पाइपवर गंजाचा आणि डांबराचा थर होता. तारेच्या ब्रशनं घासत घासत पुढं सरकलो आणि बोटाला आधी एक खाच लागली, मग बाजूला दुसरी. एकोणीस वर्षांपूर्वी कुणीतरी पुढच्या माणसासाठी ठेवलेली खूण होती ती. मी तिथं हॅकसॉनंच कापलं. ग्राइंडरच्या ठिणग्या टाकीच्या बाजूला उडाल्या असत्या. चाळीस मिनिटं लागली, आळीपाळीनं. पाइप टांगून धरणारे रबरी हँगर साबणाच्या पाण्यानं ओले करून स्क्रू ड्रायव्हरनं ढकलले की निघतात. सुके ओढायला गेलात तर फाटतात, आणि रात्री बाराला जालन्यात ते रबर कुठं मिळणार?

मागचा डबा जमिनीवर टेकवला तेव्हा त्यातून सुपातून पाखडावा तसा गंजाचा चुरा पडला, जवळजवळ ओंजळभर. गाडी का दबत होती हे त्या ओंजळीत दिसत होतं.

नवे पाइप आधी सगळे सैल अडकवले. हा नियम मिलमध्ये पाइपलाइन टाकताना शिकलो. पहिला सांधा आवळून पुढं गेलं की शेवटचा कधीच जागेवर येत नाही. सगळे सैल, मग हँगरवर वजन घेऊ द्यायचं, मग टोकाला बंपरमधली जागा बघायची आणि मग कॅटकडून मागं एकेक आवळत यायचं. स्टेनलेसच्या नट-बोल्टला तांब्याचं ग्रीस लावायला विसरू नये. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांना चिकटतात, आणि तो बोल्ट पुढच्या वेळी फक्त कापूनच निघतो. पाइप आणि बीममधली फट जुन्या पाइपची मोजून ठेवली होती, ८ मिलिमीटर. नव्यालाही तेवढीच ठेवली.

पहाटे तीनला इंजिन चालू केलं. पाइपवरचं तेल जळून निळसर धूर निघाला, तो पाच मिनिटांत बसला. टेलपाइपवर ओलं फडकं अर्धवट दाबून धरलं आणि भाच्यानं प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारलं. मधल्या क्लॅम्पला बुडबुडे आले. अर्धा फेरा आवळला, थांबले. आवाज खोल पण मऊ होता. रस्त्यापलीकडच्या टपरीच्या फळीवर एक माणूस झोपला होता, तो कुशीवरसुद्धा वळला नाही. मला तेवढीच पावती पुरेशी होती.

रविवारी बदनापूरपर्यंत जाऊन आलो. जाताना सगळं सुरळीत. परत येताना प्रत्येक खड्ड्याला मागून टक्, टक् असा धातूचा ठोका. गाडी थांबवून खाली वाकलो, पाइप हलवून बघायला गेलो तर हात भाजला. घरी आणून थंड झाल्यावर बघितलं तर फट होती तशी, आठ मिलिमीटर. ठोका नाही. संध्याकाळी पुन्हा फिरवली, वीस मिनिटांनी पुन्हा ठोका. टॉर्च घेऊन आडवा पडलो तेव्हा बीमच्या पुढच्या अंगाला काळ्या रंगात नखाएवढी चकाकी दिसली. रंग खरवडून खालचं लोखंड उघडं पडलेलं, ताज्या नाण्यासारखं.

कागद घेऊन बसलो. कॅटपासून बीमपर्यंत पाइप साधारण दोन मीटर. चालवताना तो सरासरी तीनशे अंशांनी तापतो असं धरू. जुना पाइप साध्या पोलादाचा होता, वरून ॲल्युमिनियमचा मुलामा. पोलाद मीटरला, अंशाला १२ मायक्रोमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे दोन मीटरला सात मिलिमीटर. ३०४ स्टेनलेस १७ मायक्रोमीटर वाढतं, म्हणजे दहा मिलिमीटर. पुढचं टोक इंजिनाशी बांधलेलं, त्यामुळे सगळी वाढ मागं सरकते, बीमच्या दिशेनं. आठ मिलिमीटरची फट जुन्या धातूसाठी बरोबर होती. मी माप जुनं ठेवलं आणि धातू बदलला. रॅम्पवर पुन्हा गाडी चढवली, स्लीव्ह सैल करून पाइप आठ मिलिमीटर पुढं सरकवला, फट सोळावर आणली. त्यानंतर आजपर्यंत तो ठोका आलेला नाही. किट विकणारे कुणीच हे सांगत नाहीत, म्हणून आकड्यांसकट लिहिलं.

दुसरी अडचण घुमण्याची. पाचव्या गिअरला शंभरच्या आसपास, २८०० आरपीएमला गाडीच्या आत असा घुमारा भरायचा की मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलता येईना. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे २८०० ला सेकंदाला ९३. तेवढ्या खालच्या सुराला गाडीचा डबा तबल्याच्या डग्ग्यासारखा साथ देतो. किटमध्ये मधल्या डब्याच्या जागी सरळ नळी दिलेली होती, तिथंच चूक होती. औद्योगिक वसाहतीत आर्गनचं वेल्डिंग करणारे एक चाचा आहेत. दूध संकलनाच्या स्टीलच्या टाक्या जोडण्यात त्यांचा हात इतका सफाईदार की टाका शोधावा लागतो. त्यांच्याकडे नळी काढून नेली. भोकाभोकांची आतली नळी आणि भोवती काचेच्या लोकरीसारखं भरण असलेला लांब रेझोनेटर मधे घातला. वेल्डिंग करताना त्यांनी पाइपची दोन्ही टोकं टेपनं बुजवून आतही आर्गन सोडला. असं केलं नाही तर आतल्या बाजूचा टाका काळा, खडबडीत होतो आणि तिथूनच गंज धरतो. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी गाडी आणून ऐकव, मग बघू." ऐकवली. घुमारा गेला. आईला मागं बसवून अंबडला मत्स्योदरी देवीला नेऊन आणलं. परतताना ती अर्ध्या वाटेत झोपली.

आता नफा काय झाला? गाडीत हवेचं वजन मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे, आणि स्कॅनर लावला की इंजिन सेकंदाला किती ग्रॅम हवा पितंय ते दिसतं. ढोबळ हिशेब असा की अश्वशक्तीच्या ऐंशी टक्के तेवढे ग्रॅम. १५० ला १२०. समृद्धीवर जालन्याच्या इंटरचेंजवरून चढताना दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर देऊन तीनदा मोजलं होतं. आधी सर्वांत जास्त आकडा १०४ यायचा. नव्या एक्झॉस्टनंतर, त्याच वेळी, तशाच हवेत १११. एकोणीस वर्षांच्या इंजिनासाठी मला ते समाधानाचं वाटलं. यातला किती भाग नव्या पाइपचा आणि किती ओंजळभर गंज निघून गेल्याचा हे वेगळं काढता येत नाही. माझा कल गंजाकडे जास्त आहे.

हवा आत घेण्याच्या बाजूचं, म्हणजे इनटेकचं, काम मी मुद्दाम पंधरा दिवसांनी घेतलं. दोन्ही एकदम बदललं असतं तर कशानं काय झालं हे कळलं नसतं.

हे काम अर्ध्या तासाचं. ड्रायव्हरच्या बाजूला पुढं एअर फिल्टरचा काळा डबा असतो, त्याला लागून सेन्सर, मग रबरी नळी मागं टर्बोकडे. डबा काढला, सेन्सरच्या तोंडाशी तेल लावलेल्या सुती जाळीचा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला. सेन्सरची मूळ नळी तशीच ठेवली. तिचा व्यास बदलला तर संगणकाचा हिशेबच चुकतो, कारण त्याला ठरावीक व्यासातून जाणारी हवा मोजायला शिकवलेलं असतं. पहिल्या दिवशी टर्बोचा श्वास ऐकू आला. जोर सोडला की सुस्कारा. भाचा तर वेडा झाला. संध्याकाळी आकडा ११३.

दुपारी गोष्ट निराळी होती. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून वायरच्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर आणला आणि टोक फिल्टरच्या तोंडाशी बांधलं. बाहेर ४१ अंश. भोकरदन नाक्याच्या गर्दीत दहा मिनिटं रांगत गेलो तर फिल्टरशी ६८. हवा तापली की विरळ होते. या दोन आकड्यांत जवळजवळ आठ टक्के हवा कमी. थंड देशात बर्फातून गाडी नेणाऱ्याला उघडा फिल्टर चालत असेल. आमच्याकडे बॉनेटखाली मे महिना आणखी एक मे महिना तयार करतो.

डेझर्ट कूलर बनवणाऱ्याच्या दुकानात गेलो. मे महिन्यात त्यांना मान वर करायला वेळ नसतो, तरी कारागिरानं पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून जीआय पत्र्याचा तीन बाजूंचा आडोसा वाकवून दिला. तो वेल्ड न करता रिव्हेट मारूनच जोडायला सांगितला, कारण जस्ताचा मुलामा वेल्डिंगला जळला की त्याच्या धुरानं ताप भरतो. आडोशानं ६८ चे ५७ झाले. सुधारणा होती, पुरेशी नव्हती.

तेवढ्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आयडलिंगला सेन्सर ३.१ ग्रॅम दाखवायचा, तो २.३ दाखवत होता. आधी हवा कुठून चोरून येतेय का ते तपासलं, सगळे क्लॅम्प, सगळ्या बारीक नळ्या. गळती नव्हती. मग सेन्सर काढून उन्हात धरला. आतल्या इवल्याशा पट्टीवर, नखाच्या टोकाएवढ्या जागेत, तुपकट थर आणि त्यात चिकटलेली बारीक धूळ. फिल्टर धुतल्यावर त्याला तेल मी लावलं होतं, आणि जास्त लावलं होतं. ते हवेबरोबर उडत पुढं गेलं. सेन्सर ती पट्टी तापवून ठेवतो आणि वाहती हवा तिला किती निववते त्यावरून वजन काढतो. पट्टीवर थर बसला की तिला हवा लागतच नाही, मग हवा कमी आली असं तो सांगतो आणि संगणक पेट्रोल कमी सोडतो. सेन्सर धुण्याचा खास स्प्रे मिळतो. तो लांबून मारायचा, वाळू द्यायचा, बोट किंवा कापूस लावायचा नाही. दहा मिनिटांनी बसवला, ३.१ परत आले.

त्या दिवशी आणखी एक केलं. फिल्टरनंतरच्या रबरी नळीच्या आत पांढरा रुमाल फिरवला. बाहेर आला तो राखाडी. पंधरा दिवसांत. आमची धूळ काळ्या रानाची, चिमटीत धरली तर पावडरीसारखी. त्यात मिलचा धूर आणि जिनिंगच्या हंगामात सरकीची लव. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्याच्या पात्यांवर ही धूळ रोज आदळायची, केवळ एका सुस्काऱ्याच्या आवाजासाठी? त्याच संध्याकाळी मूळ काळा डबा धुऊन, वाळवून परत बसवला. कागदाचा नवा फिल्टर टाकला, डब्याच्या कडेची रबरी पट्टी नीट बसली का ते चारही बाजूंनी बोट फिरवून बघितलं. हेडलाइटच्या मागून डब्याकडे येणारी हवेची वाट वाळक्या पानांनी निम्मी बुजलेली होती, ती मोकळी केली. थर्मामीटर त्याच गर्दीत, तशाच दुपारी, ४६. आकडा ११२. उघड्या फिल्टरच्या सर्वांत चांगल्या संध्याकाळपेक्षा एकच ग्रॅम कमी, आणि भरदुपारीही तसाच टिकणारा. भाचा दोन दिवस नाराज होता. रुमाल दाखवल्यावर काही बोलला नाही.

पीयूसी काढून घेतलं, एकाच चाचणीत झालं. जुना सायलेन्सर आणि पाइप वर माळ्यावर जपून ठेवलेत. उद्या कुणी आक्षेप घेतला तर दाखवायला मूळ भाग हाताशी हवेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला. त्यानंतर काही दिवसांनी क्लॅम्प पुन्हा तपासायला रॅम्पवर गेलो. नवे सांधे तापून-निवून थोडे सैल पडतातच. मालकानं मोटारीवरचं पोतं काढलं होतं, बोअरला पाणी आलं होतं, पुढं चार गाड्या रांगेत होत्या. मी मागं वळायला लागलो तर त्यानं हात केला, "आरं ये की, आधी तुपली घे." मधल्या क्लॅम्पचा नट पाव फेरा वळला, बाकीचे जागेवर होते. बीमवरच्या चकाकीला गंज धरू नये म्हणून तिथं रंगाचं एक बोट फिरवलं आणि गाडी खाली घेतली. मागची बोलेरो लगेच वर चढली.